चिखलदऱ्यावर धाप का लागते?

हिवाळा सुरू झाला की वऱ्हाडातील शाळांच्या सहली निघतात. त्यांपैकी बऱ्याच चिखलदऱ्याला जातात. अकोल्याची गाडी अकोट, अंजनगाव करीत परतवाड्याला येते, अमरावतीचीही तिथेच पोचते आणि पुढे घाट सुरू होतो. वर पोचल्यावर मुले गाडीतून उतरतात आणि कुणीतरी म्हणते, "चला, त्या टोकापर्यंत पळत जाऊ." रोज सकाळी शाळेच्या मैदानाला दहा फेऱ्या मारणारा मुलगाही पाच मिनिटांत कमरेवर हात ठेवून थांबतो. "सर, इथं हवाच कमी हाये!" असे तो म्हणतो. सरही मान डोलावतात, कारण उंचावर ऑक्सिजन कमी असतो हे पाठ्यपुस्तकातही आहे.

हे उत्तर चूक नाही, पण ते पुरेसेही नाही. अकोल्याच्या एका शिक्षकमित्रांनी आम्हाला या संदर्भात तीन प्रश्न विचारले. पहिला प्रश्न असा, की ही धाप खरोखर विरळ हवेमुळे लागते का? दुसरा, परदेशी धावपटू उंच ठिकाणी जाऊन सराव करतात, तसा आपल्या मुलांनी स्पर्धेपूर्वी आठवडाभर चिखलदऱ्याला केला तर उपयोग होईल का? आणि तिसरा, चिखलदऱ्याला पळालेली मुले उन्हाळ्यात लेहला जायचे म्हणतात, तिथे त्यांना पळू द्यावे का? तिन्ही प्रश्नांची उत्तरे एकाच हिशेबातून निघतात. म्हणून आधी तो हिशेब करू.

टक्के तेच, दाब कमी

हवेत ऑक्सिजनचे प्रमाण सुमारे २१ टक्के असते. अकोल्यात तेवढेच, चिखलदऱ्यात तेवढेच आणि एव्हरेस्टच्या माथ्यावरही तेवढेच. "उंचावर ऑक्सिजनचे प्रमाण कमी होते" हे वाक्य वर्गात आपण सहज बोलून जातो, ते या अर्थाने चुकीचे आहे. कमी होतो तो हवेचा दाब. आपल्या डोक्यावरच्या हवेच्या थराचे वजन म्हणजे वायुदाब. आपण वर चढलो की तेवढी हवा खाली राहते, डोक्यावरचा थर कमी होतो आणि दाब घटतो. दाब घटला की तेवढ्याच आकारमानात हवेचे रेणू कमी मावतात. त्यामुळे एका श्वासात नायट्रोजनचे रेणूही कमी येतात आणि ऑक्सिजनचेही.

श्वासाबरोबर आत गेलेली हवा श्वासनलिकेत ३७ अंश सेल्सिअसपर्यंत तापते आणि बाष्पाने संपृक्त होते. या बाष्पाचा दाब पाऱ्याच्या ४७ मिलिमीटरइतका असतो. बाहेरचा दाब कितीही असला, तरी हे ४७ मिमी वजा होतातच. उरलेल्याचे २१ टक्के म्हणजे श्वासातील ऑक्सिजनचा दाब. प्रमाण वातावरणाच्या सूत्राने काढलेले आकडे असे येतात:

अकोला (सुमारे ३०० मीटर): वायुदाब ७३३ मिमी, ऑक्सिजनचा दाब १४४ मिमी
चिखलदरा (सुमारे ११०० मीटर): ६६६ मिमी, १३० मिमी
मेक्सिको सिटी (२२४० मीटर): ५७९ मिमी, ११२ मिमी
लेह (सुमारे ३५०० मीटर): ४९३ मिमी, ९४ मिमी

अकोल्याहून चिखलदऱ्याला गेलो की ऑक्सिजनचा दाब सुमारे १० टक्क्यांनी घटतो. लेहला ही घट ३५ टक्के आहे. अमरावतीची उंची अकोल्यापेक्षा थोडीच जास्त असल्याने तिचा हिशेबही जवळपास असाच आहे.

हीमोग्लोबिनची राखीव सोय

दाब १० टक्क्यांनी घटला म्हणजे रक्तातला ऑक्सिजनही १० टक्क्यांनी घटला, असे मात्र होत नाही. कारण ऑक्सिजन वाहून नेण्याचे काम तांबड्या पेशींतील हीमोग्लोबिन करते आणि त्याचा स्वभाव वेगळा आहे. ऑक्सिजनचा दाब आडव्या अक्षावर व हीमोग्लोबिनची संपृक्तता उभ्या अक्षावर घेऊन आलेख काढला, तर तो सरळ रेषेत येत नाही. इंग्रजी 'एस' अक्षरासारखा वळणदार येतो. वरच्या टोकाला तो जवळजवळ सपाट असतो. या सपाट भागात दाब थोडा कमी झाला तरी हीमोग्लोबिन जवळपास भरलेलेच राहते. पुढे मात्र उतार लागतो आणि दाबातील थोड्या घटीनेही संपृक्तता भराभर खाली येते.

निरोगी माणूस स्वस्थ बसलेला असताना ही संपृक्तता अकोल्यात सुमारे ९७ टक्के असते, तर चिखलदऱ्यात ९६ टक्क्यांच्या आसपास. म्हणजे दाबात १० टक्के घट होऊनही रक्तातली घट जेमतेम एक टक्का. चिखलदरा त्या आलेखाच्या सपाट भागावर आहे. लेहला नुकत्याच पोचलेल्या माणसाची संपृक्तता मात्र ८५ ते ९० टक्क्यांपर्यंत उतरते, कारण लेह उताराला लागलेले असते.

जोरात पळताना रक्त फुप्फुसांतून वेगाने जाते, ऑक्सिजन घ्यायला वेळ कमी मिळतो, आणि त्यामुळे फरक थोडा वाढतो. ऑक्सिजन वापरण्याची शरीराची कमाल क्षमता सर्वसाधारण माणसात सुमारे १५०० मीटर उंचीपर्यंत फारशी घटत नाही. त्यानंतर ती दर १०० मीटरला सुमारे एक टक्का या वेगाने कमी होत जाते. अव्वल धावपटूंमध्ये ही घट थोडी आधी सुरू होते. तेव्हा चिखलदऱ्यावर सपाट जागी पळताना विरळ हवेचा वाटा फार तर दोन-तीन टक्के धरता येईल. अकोल्यात तीन किलोमीटर १५ मिनिटांत पळणाऱ्या मुलाला चिखलदऱ्यात अर्धा मिनिट जास्त लागावा. पाच मिनिटांत कमरेवर हात ठेवण्याइतका हा फरक नाही.

मग धाप कशाची?

पहिला आरोपी आहे चढ. ५० किलो वजनाचा मुलगा १०० मीटर उंची चढला, तर गुरुत्वाकर्षणाविरुद्ध त्याने ५० × ९.८ × १०० म्हणजे ४९,००० ज्यूल कार्य केले. आपल्या स्नायूंची कार्यक्षमता २५ टक्के धरली, तर त्यासाठी सुमारे १,९६,००० ज्यूल म्हणजे ४७ किलोकॅलरी ऊर्जा खर्च झाली. सपाट जमिनीवर धावताना दर किलोग्रॅम वजनामागे दर किलोमीटरला साधारण एक किलोकॅलरी लागते, म्हणजे या मुलाला किलोमीटरमागे ५० किलोकॅलरी. याचा अर्थ असा, की १०० मीटरचा चढ हा सपाट रस्त्यावरच्या जवळपास एक किलोमीटर जादा पळण्याच्या बरोबरीचा आहे. अकोल्याचे मैदान सपाट असते, चिखलदऱ्याचा रस्ता कधीच नसतो. मुलगा मात्र मैदानावरचाच वेग धरायला जातो.

मेळघाटातील कोरकू मुले हाच चढ गप्पा मारीत चढतात, हे आपण पाहतो. "त्यांचे रक्तच वेगळे" असे काही जण म्हणतात. ११०० मीटर उंचीवर राहण्यासाठी रक्त वेगळे असावे लागत नाही. रोजचा चढ-उतार, त्यातून घडलेले पायांचे स्नायू आणि चढावर वेग कमी करण्याची सवय एवढ्याने या गोष्टीचा उलगडा होतो.

दुसरा आरोपी प्रवास. पहाटे उठलेले, घाटात मळमळलेले, धड न जेवलेले आणि दिवसभर पाणी कमी प्यालेले मूल कुठेही लवकर दमेल.

एक गोष्ट तर चिखलदऱ्याच्या बाजूचीच आहे. दर किलोमीटर उंचीला तापमान सरासरी साडेसहा अंशांनी उतरते. त्या हिशेबाने चिखलदरा अकोल्यापेक्षा पाच अंशांनी थंड असायला हवा. तिथे कॉफीची झाडे वाढतात ती याच हवामानामुळे. अकोल्याचा पारा मे महिन्यात ४५ च्या पुढे जाणे नवे नाही. अशा उन्हात त्वचेला थंड ठेवण्यासाठी बरेच रक्त तिकडे वळवावे लागते आणि स्नायूंच्या वाट्याला कमी येते. उन्हाळ्यात चिखलदऱ्याची विरळ पण गार हवा धावणाऱ्याला अकोल्याच्या दाट पण तापलेल्या हवेपेक्षा सोयीची ठरते.

उंची रक्तातही असते

चढ सगळ्यांना सारखाच आणि प्रवासही सारखाच असतो. तरी चार मुली बाकीच्यांच्या फार मागे राहतात, जिन्यावरही थांबतात. त्यांच्यासाठी आणखी एक हिशेब करायला हवा.

एक ग्रॅम हीमोग्लोबिन पूर्ण भरले, की १.३४ मिलिलिटर ऑक्सिजन वाहून नेते. एखाद्या मुलीचे हीमोग्लोबिन १०० मिलिलिटर रक्तात १३ ग्रॅम असेल, तर अकोल्यात तिच्या तेवढ्या रक्तात १३ × १.३४ × ०.९७ म्हणजे १६.९ मिलि ऑक्सिजन असतो. ती चिखलदऱ्याला गेली की तो १६.७ होतो. लेहला संपृक्तता ८८ टक्के धरली, तर १५.३.

आता दुसरी मुलगी घेऊ. तिचे हीमोग्लोबिन ११ ग्रॅम आहे. १२ च्या खाली रक्तक्षय धरतात, तेव्हा हा सौम्य रक्तक्षय झाला. तिच्या १०० मिलि रक्तात अकोल्यातच फक्त १४.३ मिलि ऑक्सिजन आहे. तिसरीचे हीमोग्लोबिन ९ असेल, तर ११.७. म्हणजे आपल्या वर्गात बसलेल्या या दोन्ही मुलींच्या रक्तात, लेहला नुकत्याच पोचलेल्या निरोगी मुलीपेक्षाही कमी ऑक्सिजन आहे.

ही तुलना ताणायची नाही. रक्तक्षयात ऑक्सिजनचा दाब नेहमीचाच असतो, त्यामुळे उंचीवरचे आजार त्यातून होत नाहीत. हृदय जास्त वेगाने धडधडून काही तूट भरूनही काढते. पण पळताना स्नायूंना ऑक्सिजन किती पोचतो, या प्रश्नापुरती ही तुलना खरी आहे. आणि अशा मुली थोड्या नाहीत. २०१९ ते २१ या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील १५ ते १९ वयाच्या ५९ टक्के मुली रक्तक्षयी आढळल्या. चिखलदऱ्यावर बसकण मारणाऱ्या मुलीला आपण "आळशी" म्हणतो किंवा "इथली हवा विरळ आहे" म्हणून समजूत घालतो. दोन्ही वेळा खरे कारण सुटून जाते. शाळेत दर आठवड्याला मिळणाऱ्या निळ्या गोळीत ६० मिलिग्रॅम लोह असते. ती मुलीच्या दप्तरात राहते की पोटात जाते, याचा तिच्या धापेशी चिखलदऱ्याच्या ८०० मीटरपेक्षा जवळचा संबंध आहे. मात्र सतत धाप लागणाऱ्या मुलाची वा मुलीची डॉक्टरांकडून तपासणी झालीच पाहिजे, कारण दमा किंवा हृदयाचा दोषही असू शकतो.

विदर्भात आणखी एका गोष्टीचे भान हवे, ती म्हणजे सिकलसेल. आपल्या भागातील काही आदिवासी व अनुसूचित जातींच्या समाजांत याचे प्रमाण लक्षणीय आहे. ऑक्सिजनचा दाब घटला की या प्रकारचे हीमोग्लोबिन एकमेकांना चिकटते आणि तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकड्या होऊन बारीक वाहिन्यांत अडकतात. सिकलसेलचा आजार असलेल्यांना कष्टाने, थंडीने व पाणी कमी पडल्यानेही वेदनांचा झटका येऊ शकतो. वाहक व्यक्ती सहसा निरोगी आयुष्य जगते आणि चिखलदऱ्याच्या उंचीचा तिला वेगळा धोका नाही. पण फार उंचावर, विशेषतः तिथे जोराचे श्रम केल्यास, वाहकाच्याही प्लीहेचा रक्तपुरवठा बंद पडल्याची उदाहरणे वैद्यकशास्त्रात नोंदलेली आहेत. म्हणून हिमालयाच्या सहलीपूर्वी रक्ततपासणी करावी, आणि ती मोजक्या मुलांची न करता सर्वांची करावी. निष्कर्ष गुप्त ठेवावा आणि निर्णय डॉक्टरांवर सोपवावा.

आठवडाभराचा सराव

आता दुसरा प्रश्न. अमरावती हे व्यायामशिक्षणाचे गाव आहे. १९१४ मध्ये स्थापन झालेल्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचे पथक १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी भारतीय खेळांची प्रात्यक्षिके दाखवून आले होते. अशा ठिकाणी उंचीवरच्या सरावाची चर्चा होणे स्वाभाविक आहे.

जगात या चर्चेला जोर आला तो १९६८ च्या मेक्सिको ऑलिंपिकमुळे. २२४० मीटर उंचीवर झालेल्या त्या स्पर्धांत १०,००० मीटरची शर्यत केनियाच्या नफ्ताली टेमूने २९ मिनिटे २७.४ सेकंदांत जिंकली. विश्वविक्रम तेव्हा २७ मिनिटे ३९.४ सेकंदांचा होता. तो ज्याच्या नावावर होता तो ऑस्ट्रेलियाचा रॉन क्लार्क सहावा आला आणि अंतिम रेषेपाशी कोसळला. त्याच मैदानावर पुरुषांच्या १००, २०० व ४०० मीटरच्या शर्यतींत मात्र विश्वविक्रम झाले आणि बॉब बीमनने ८.९० मीटर लांब उडी मारून आधीचा विक्रम ५५ सेंटिमीटरने मागे टाकला. आखूड शर्यतीत स्नायू बरीचशी ऊर्जा ऑक्सिजनची वाट न पाहता मिळवतात आणि विरळ हवेचा अडथळाही कमी होतो. लांबच्या शर्यतीत ऑक्सिजनवाचून चालत नाही.

उंचीवर राहिल्याने फायदा होतो तो असा. रक्तातला ऑक्सिजन कमी पडू लागला, की काही तासांतच मूत्रपिंडे एरिथ्रोपोएटिन हे संप्रेरक जास्त प्रमाणात तयार करतात आणि त्याच्या सांगण्यावरून अस्थिमज्जा जादा तांबड्या पेशी बनवू लागते. पेशींना ऑक्सिजनची कमतरता कळते कशी, हे उलगडणाऱ्या तीन शास्त्रज्ञांना २०१९ चे वैद्यकाचे नोबेल पारितोषिक मिळाले. पण तांबड्या पेशींची संख्या खरोखर वाढायला आठवडे लागतात.

अमेरिकेतील लेव्हिन आणि स्ट्रे-गंडरसन यांनी १९९७ मध्ये ३९ धावपटूंवरील प्रयोग प्रसिद्ध केला. ज्यांनी चार आठवडे २५०० मीटरवर मुक्काम केला पण सरावासाठी रोज खाली १२५० मीटरवर उतरले, त्यांची कामगिरी सुधारली. हा दुसरा आकडा पाहा. त्या प्रयोगात 'खालची' जागा म्हणून जी उंची निवडली, तिच्याहूनही आपला चिखलदरा खाली आहे. तेव्हा तिथे आठवडाभर राहून रक्त वाढेल ही अपेक्षा ठेवू नये. गार हवा, चढाचा सराव आणि मोकळे रस्ते यांसाठी मात्र जरूर जावे. त्याने पाय तयार होतात.

लेहची गोष्ट वेगळी

तिसऱ्या प्रश्नाला आम्ही सर्वांत जास्त महत्त्व देतो, कारण इथे चूक जिवावर बेतू शकते. दिल्लीहून विमानाने सव्वा-दीड तासात लेहला पोचता येते. शरीराला त्या उंचीची ओळख व्हायला काही दिवस लागतात. पहिल्यांदा श्वास वाढतो. जास्त श्वासामुळे कार्बन डायऑक्साईड अधिक प्रमाणात बाहेर जातो, रक्त थोडे अल्कधर्मी होते आणि त्यामुळे श्वासाला पुन्हा लगाम बसतो. मूत्रपिंडे जादा बायकार्बोनेट बाहेर टाकून हा तोल सावरतात, पण त्याला दोन-चार दिवस लागतात. तोवर माणूस ना इकडचा ना तिकडचा असतो.

या काळात पळापळ केली तर पर्वतीय आजार बळावतो. डोकेदुखी, मळमळ, भूक न लागणे, चक्कर आणि अस्वस्थ झोप ही त्याची लक्षणे. ती पोचल्यावर सहसा ६ ते १२ तासांनी दिसतात, म्हणजे पहिल्या दुपारी मूल अगदी ताजेतवाने असते आणि तिथेच फसगत होते. बसल्या जागी धाप, सततचा खोकला व फेसाळ थुंकी दिसली, तर फुप्फुसांत पाणी साचत आहे. तोल जाऊ लागला किंवा बोलणे असंबद्ध झाले, तर मेंदूला सूज येत आहे. या दोन्ही अवस्थांत मुलाला ताबडतोब खाली आणणे व ऑक्सिजन देणे हाच उपाय, सकाळची वाट पाहायची नाही.

या विषयावरचे मोलाचे काम भारतीयांनी केले आहे. १९६२ च्या युद्धाच्या सुमारास सखल भागातील सैनिकांना झपाट्याने हिमालयात पोचवावे लागले आणि अनेक जण आजारी पडले. सैन्यातील डॉक्टर इंदर सिंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९२५ सैनिकांचा अभ्यास करून १९६९ मध्ये तो प्रसिद्ध केला. हे सैनिक तरुण व कसलेले होते, हे लक्षात घ्यावे. चांगली प्रकृती हे पर्वतीय आजाराविरुद्धचे कवच नाही. उलट धडधाकट मुलगाच पहिल्या दिवशी पळायला निघतो.

म्हणून लेहला पहिले दोन दिवस पूर्ण विश्रांती, तिसऱ्या दिवशी चालणे आणि त्यानंतरच, त्रास नसेल तर, सावकाश धावणे असा क्रम ठेवावा. ३००० मीटरच्या वर मुक्कामाची उंची रोज ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये. डोके दुखत असेल तर आणखी वर जाऊ नये. चिखलदऱ्याला असे काहीच करावे लागत नाही, त्यामुळे चिखलदऱ्याचा अनुभव लेहसाठी दाखला म्हणून चालत नाही.

सहलीत करून पाहा

वायुदाबातील फरक मुलांना स्वतः मोजता येतो. घट्ट झाकणाची काचेची रिकामी, कोरडी बाटली घ्या. चिखलदऱ्यावर सावलीत ती काही वेळ उघडी ठेवा, मग झाकण पक्के लावा आणि हवेचे तापमान लिहून ठेवा. अकोल्याला परतल्यावर बाटली बादलीभर पाण्यात उलटी बुडवून काही मिनिटे ठेवा आणि पाण्यातच झाकण उघडा. पाणी आपोआप आत शिरेल. आतली व बाहेरची पाण्याची पातळी जुळवून झाकण लावा, बाटली बाहेर काढा आणि आत आलेले पाणी मोजपात्राने मोजा. एक लिटरच्या बाटलीत साधारण ७५ ते ९० मिलिलिटर पाणी यावे. नेमका आकडा दोन्ही ठिकाणच्या तापमानांवर अवलंबून राहील. नववी-दहावीच्या मुलांना वायूंच्या नियमांनी तो आधी काढायला सांगा आणि मग पडताळून पाहा.

धावण्याची चाचणीही घेता येईल. सपाट जागेवर मोजून आखलेल्या पट्ट्यात, सकाळच्या त्याच वेळी, आदल्या रात्री नीट झोप झाल्यावर मुलांना १२ मिनिटे पळू द्या आणि अंतर लिहा. अकोल्यातही तसेच करा. आजारी किंवा धाप लागणाऱ्या मुलांना यात वेळ मोजण्याचे काम द्यावे. मग रस्त्यावरच्या चढाचा, उन्हाचा आणि हवेचा वाटा मुलांनाच वेगवेगळा काढू द्या.

आणि "सर, इथं हवाच कमी हाये" असे कुणी म्हणाले, तर त्याला "किती कमी?" एवढेच विचारा. उत्तर काढताना त्याला चिखलदरा आणि लेह यांतला फरक कळेल. मागे राहिलेल्या मुलीकडे पाहताना आपल्यालाही तोच प्रश्न विचारता येईल.